विहिरीतलं ते भूत १९९८ चं नाही

‘मोकळे केस चेहऱ्यावर घेतलेली, पांढऱ्या कपड्यातली, विहिरीतून वर येणारी बाई १९९८ च्या “रिंगू” या जपानी चित्रपटानं जन्माला घातली,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. समज स्वाभाविक आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती तिथेच पहिल्यांदा भेटली. पण ती कितीतरी जुनी आहे.

आधी वेश बघा. जपानमध्ये मृत व्यक्तीला पांढरा किमोनो नेसवण्याची प्रथा आहे. पांढरे कपडे आणि मोकळे केस ही भुतांच्या जुन्या चित्रांतलीही ठरलेली खूण. ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीतलं, नाटक १८२५ साली रंगमंचावर आलं. त्यात विषानं चेहरा विद्रूप झालेली, पुढे भूत होणारी ओइवा केस विंचरते आणि पुंजकेच्या पुंजके हातात येतात. आजही अंगावर काटा येतो.

आता विहीर. इंटरनेटवर ‘होकुसाई’ आणि ‘ओकिकू’ असं शोधा. होकुसाई हा जपानी चित्रकार; ओकिकू ही दंतकथेतली मोलकरीण, ताटली हरवल्याच्या आरोपावरून जीव गेलेली आणि विहिरीत टाकलेली. १८३० च्या सुमाराचं छापचित्र सापडेल: विहिरीतून वर येणारी ओकिकू, तिची मान ताटल्यांची, त्यांत गुंतलेले लांब केस. हिमेजी किल्ल्यात तिच्या नावाची विहीरही दाखवतात.

चित्रपटाचं श्रेय यानं कमी होत नाही. त्यानं हे भूत व्हिडिओ कॅसेटमध्ये घातलं आणि घरातल्या टीव्हीतून बाहेर काढलं. तिची ती तुटक चाल तर अभिनेत्रीला उलटं चालवून, चित्रण उलट फिरवून मिळवलेली आहे.