मेलोड्रामा (अल्बम)

मेलोड्रामा हा न्यूझीलंडची गायिका-गीतकार लॉर्ड (मूळ नाव एला येलिच-ओ'कॉनर, जन्म १९९६) हिचा दुसरा अल्बम. लाव्हा आणि रिपब्लिक रेकॉर्ड्स यांनी तो १६ जून २०१७ रोजी प्रकाशित केला. त्यात अकरा गाणी असून एकूण लांबी सुमारे ४१ मिनिटे आहे.

'प्युअर हिरोइन' (२०१३) हा पहिला अल्बम आला तेव्हा लॉर्ड सोळा वर्षांची होती आणि त्यातल्या 'रॉयल्स'मुळे ती जगभर पोहोचली. त्यानंतरच्या जवळपास चार वर्षांत तिचे दीर्घकाळचे प्रेम तुटले. नवी गाणी या काळातून आली. बहुतेक गाणी तिने अमेरिकी संगीतकार-निर्माता जॅक अँटोनॉफच्या साथीने लिहिली आणि घडवली.

एका घरगुती पार्टीची एक रात्र हा अल्बमचा सैलसा धागा आहे. नाच, नशा, ओळखीपाळखी, आणि मग गर्दी पांगल्यावरचे रिकामे घर. प्रेमभंगाचा अल्बम म्हणून त्याची ओळख झाली खरी, पण सोडून गेलेला माणूस त्यात फार वेळ टिकत नाही. 'ग्रीन लाइट'मध्ये त्याच्या खोटेपणावर राग निघतो. 'सुपरकट'मध्ये फक्त चांगले तेवढे जोडून आठवणींची चित्रफीत बनवण्याची स्वतःचीच खोड ती पकडते. 'लायबिलिटी' हा अल्बमचा गाभा म्हणावा लागेल. जवळजवळ फक्त पियानोवर गायलेल्या या गाण्यात, लोकांना आपण डोईजड होतो हे उमगलेली मुलगी घरी येते आणि जिच्यावर अजून प्रेम करता येते अशा एकाच व्यक्तीला, म्हणजे स्वतःला, जवळ घेते. आत्मशोध हा शब्द इथे जड वाटेल इतके ते साधे आहे.

रचनेच्या दृष्टीने 'ग्रीन लाइट' सर्वांत धाडसी. संथ पियानोवर सुरू झालेले गाणे मध्येच स्वरपट्टी बदलते, आणि ध्रुवपद आले तरी ड्रम लगेच येत नाहीत. पॉप संगीतातला मुरलेला निर्माता मॅक्स मार्टिन याने या गाण्याची रचना 'चुकीची' ठरवली होती, असे लॉर्डनेच सांगितले. गाण्याची मजा मात्र नेमकी त्या चुकीतच आहे.

मुखपृष्ठावरचे तिचे चित्र सॅम मॅकिनिसने रंगवले आहे: निळ्याजांभळ्या अंधारात अंथरुणात पडलेली लॉर्ड आणि गालावर उबदार प्रकाशाचा ठिपका.

समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर आला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही तो अव्वल ठरला. २०१८ च्या ग्रॅमी पुरस्कारांत 'सर्वोत्कृष्ट अल्बम' या विभागात नामांकन मिळालेली ती एकमेव स्त्री कलाकार होती. समारंभात तिला एकटीने गाण्याची संधी न दिल्याबद्दल आयोजकांवर बरीच टीका झाली. पुरस्कार ब्रुनो मार्सच्या '२४के मॅजिक'ला मिळाला.