मुंबई बंदरात लहान मासेमारी नौका आणताना: कोणते कागद, कोणते दिवे

31 जुलैला मासेमारीबंदी संपते आणि 1 ऑगस्टला सगळ्यांनाच निघायचं असतं. अर्ज मात्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतात. नौका जूनमध्ये वर ओढली की त्याच आठवड्यात कागद काढून बसा.

नोंदणी, मासेमारी परवाना आणि विमा हे तीन वेगळे कागद. नोंदणी झाली म्हणजे परवाना आला, असं समजू नका. 1981 च्या राज्याच्या कायद्याखाली परवाना वेगळा घ्यावा लागतो. नोंदणीचा अर्ज रियलक्राफ्ट पोर्टलवर भरायचा, त्यात अवघड काही नाही. घोडं अडतं ते इंजिनापाशी. जुनं इंजिन उतरवून दुसऱ्याकडून घेतलेलं बसवलं, पावती नाही, आणि कागदावर नंबर जुनाच. हा नंबर आधी बदलून घ्या. वडील वारले आणि नौका अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारसांची कामं सगळ्यात आधी हातात घ्या. घरात दुःख असताना माणसांना एकाच कागदासाठी चार फेऱ्या मारायला लावतात, ते पाहवत नाही.

खलाशांची ओळखपत्रं बरोबर हवीत. कोकणातल्या नौकांवर नेपाळी खलाशी पुष्कळ, आणि त्यांच्याकडे आधार नसतं. त्यांच्या नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत ठेवा आणि निघण्याआधीच सागरी पोलीस ठाण्यात विचारून नोंद करून घ्या.

आता सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा आकडा: 20 मीटर लांबी. त्याहून लहान मासेमारी नौकेला एआयएस (नौका कुठे आहे ते इतर जहाजांना आपोआप कळवणारं यंत्र) सक्तीचं नाही, म्हणून तांडेल, म्हणजे नौका चालवणारा, निर्धास्त राहतो. पण याचा अर्थ मोठ्या जहाजाच्या पडद्यावर तुम्ही दिसालच असं नाही. शिवाय समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 9 सांगतो की, जे जहाज अरुंद मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकतं, त्याची वाट 20 मीटरहून लहान नौकेने अडवायची नाही. मासेमारी करणाऱ्या नौकेने तर अशा मार्गात कुणाचीच नाही. मुंबई बंदर आणि न्हावा शेवाची जहाजं एकाच मुख्य मार्गाने येतात. 7 ऑगस्ट 2010 ला तिथे दोन मोठी जहाजं एकमेकांवर आदळली आणि कंटेनर पाण्यात तरंगत होते. तुमची लाकडी नौका त्यापुढे काय टिकणार?

आत येताना मार्गाची कड दाखवणारा लाल बोया (तरंगती खूण) डावीकडे, हिरवा उजवीकडे. पुरेसं पाणी असेल तर बोयांच्या बाहेरून या. मार्ग ओलांडायचाच असेल तर काटकोनात, आणि जहाज निघून गेल्यावर. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर समजा, तुमचा इरादा जहाजाला कळलेला नाही.

दिव्यांबद्दल मी दरवर्षी सांगतो. डेकवरच्या पांढऱ्या एलईडीच्या झोतात बाजूचे लाल-हिरवे दिवे बुडून जातात. मार्गापाशी आलात की ते झोत बंद करा. जाळं वर आलं असेल तर मासेमारीचे दिवेही उतरवा, नियम तेच सांगतो.

अडचणीत तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. दोन्ही नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.