डिझेल सेडान सेकंडहँड घेताना: नावावर करणं, बदलांची परवानगी आणि लागणारी कागदपत्रं

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि फोक्सवॅगन व स्कोडा यांनी भारतातली आपली डिझेल इंजिनं बंद केली. त्यामुळे जेट्टा, ऑक्टाव्हिया किंवा व्हेंटोचं टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, इंजिन रोजच्या वापराला हवं असेल, तर गाडी सेकंडहँडच घ्यावी लागते. अशी गाडी घेणारा बहुधा हौशी असतो, आणि विकणाराही. त्यामुळे गाडी हातात येते तेव्हा तिच्यात आधीच काही ना काही केलेलं असतं: स्प्रिंग बदललेल्या, सायलेन्सर बदललेला, ईसीयू रीमॅप केलेला (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं), कधी अख्खा रंगच वेगळा.

मी माझी सेडान घेतली तेव्हा आरसीवर पांढरा रंग होता आणि गाडी करडी होती. आधीच्या मालकाने ती मनापासून, उत्तम रंगवून घेतली होती. आरटीओत मात्र कळवलं नव्हतं. गाडी माझ्या नावावर होण्याआधी तो रंग आरसीवर चढवावा लागला, आणि त्यासाठी विकणाऱ्यालाच पुन्हा अर्ज करायला लावावा लागला. तो भला माणूस होता म्हणून आला. पैसे दिल्यानंतर फोन न उचलणारे विक्रेतेही असतात. म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आधीच्या मालकाने केलेला प्रत्येक बदल गाडीबरोबर तुमच्याकडे येतो, आणि तो कागदावर नसेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

टोकन देण्याआधी

आरसी हातात घ्या आणि गाडीभोवती फिरा. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, आसनसंख्या, नोंदणीची तारीख यांतलं एकूण एक ताडून पाहा. इंजिन नंबर स्वतः वाचा. डिझेल गाडीत तो शोधायला कधी कधी वरचं कव्हर काढावं लागतं, तेवढा वेळ द्या. इंजिन बदललेलं असेल आणि नवा नंबर आरसीवर नसेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवा.

परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि काळ्या यादीतली नोंद दिसते. ई-चलान वेगळं तपासा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट बसवणं बंधनकारक आहे. ती नसेल तर नावावर करण्यासारखी कामं अडतात, म्हणून हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ लागतो. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरतोच असं नाही. कित्येक गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरत असतात.

२०१५ पूर्वीची टीडीआय गाडी असेल तर आणखी एक विचारा. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने ईए१८९ इंजिनच्या सुमारे ३,२३,७०० डिझेल गाड्या भारतात रिकॉलसाठी, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायला परत बोलावण्यासाठी, जाहीर केल्या होत्या. त्या गाडीवर ते काम झालं का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन कळतं. नंतर कुणी रीमॅप केलं असेल तर रिकॉलमधलं सॉफ्टवेअर पुसलं गेलेलं असू शकतं.

नावावर करण्याचा अर्ज

पात्रता साधी आहे. गाडीचा मालक होण्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, तुमचा पत्ता ज्या आरटीओच्या हद्दीत येतो तिथला पुरावा लागतो. मुदती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहेत: गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.

फॉर्म २९ ही विकणाऱ्याने द्यायची सूचना, त्याच्या दोन प्रती. फॉर्म ३० हा हस्तांतराचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, फोटो आणि चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. बोजा उतरवायचा असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी. तुम्ही स्वतः कर्ज काढून घेत असाल तर नवा बोजा चढवण्यासाठी फॉर्म ३४.

अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा असतो. आधार प्रमाणीकरण केलं तर बरंचसं काम घरबसल्या होतं, पण त्यासाठी विकणाऱ्याचा मोबाईल नंबर आरसीला जोडलेला हवा. जुन्या गाड्यांवर एखाद्या एजंटचा किंवा शोरूमचाच नंबर असतो, आणि सगळं काम तिथे अडतं. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या नंबरवर ओटीपी येतो का, हे समोर बसून बघा.

मोठ्या डिझेल सेडान पुष्कळदा कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात. तिथे फॉर्मवर एखाद्या डायरेक्टरची सही पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर सही करणाऱ्याला दिलेला अधिकार, म्हणजे ठराव, आणि शिक्का लागतो. मूळ मालक वारला असेल तर रस्ता वेगळा: आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी येते, मग तुमच्या नावावर. मधली पायरी गाळून मृत माणसाच्या सहीचा फॉर्म २९ कुणी देऊ केला तर हात जोडून निघा.

गाडी डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम तुमच्या बाजूचे आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. डीलरकडे ही अधिकृतता आहे का, हे बिनदिक्कत विचारा.

विकणाऱ्यालाही हे काम टाळून चालत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. गाडी तीनदा विकली गेली असली तरी. विक्रेता आढेवेढे घेत असेल तर त्याला हे सांगा. त्याचाच फायदा आहे.

परराज्यातली गाडी

दिल्लीकडच्या डिझेल गाड्या इकडे खूप येतात, आणि त्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतरही आदेशांत बदल होत गेले आहेत, पण मुदत जवळ आली की मालक गाडी बाहेर काढतो, हे चित्र तेव्हापासूनचं आहे. गाडी चांगली असू शकते. फक्त एनओसी निघालेली असल्याशिवाय पैसे देऊ नका.

एनओसीसाठी फॉर्म २८ मूळ आरटीओत जातो. त्यावर तुमच्या आरटीओचं नाव अचूक हवं. पुण्याच्या एनओसीवर पिंपरी-चिंचवडमध्ये काम होत नाही. गाडी महाराष्ट्रात आल्यावर फॉर्म २७ ने नवा नंबर मिळतो. कायद्याने १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नोंदणी करावीच लागते. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, पण तो भरावा लागतोच. नव्या खासगी डिझेल गाडीला हा दर किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के आहे, त्यावरून अंदाज बांधा. स्वस्त वाटलेली गाडी इथे महाग पडू शकते. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्या अर्जात आधीच्या मालकाची सही लागते. ती व्यवहाराच्या दिवशीच घेऊन ठेवा.

बदल: कुठे परवानगी, कुठे थेट बंदी

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ बदललं: नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड प्रत्येक बदलाचा वेगळा, हे नीट वाचा. गाडी धोकादायक किंवा नियमबाह्य दिसली तर कलम ५३ खाली नोंदणी निलंबितही होऊ शकते.

रंग बदलायचा असेल तर अर्ज आधी आणि रंगकाम नंतर. अर्जासोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. परवानगी मिळाल्यावर रंगवून, बिल घेऊन, गाडी निरीक्षकाला दाखवायची. बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवणं कायद्यात आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते. गाडीवर रंगीत फिल्मचा पूर्ण रॅप केला आणि मूळ रंग झाकला गेला, तरी रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसाला आरसीवर वेगळाच रंग दिसतो. मी तरी रॅपसाठीही अर्ज करा असंच सांगेन.

इंजिन बदलावं लागलं तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं घ्या. नव्या इंजिनाचं बिल, जुनं इंजिन कुठे गेलं याचा कागद आणि तपासणी, या तिन्हींशिवाय नवा नंबर आरसीवर येत नाही. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा मूळ कागद नसेल तर ते कितीही चांगलं चालत असो, घेऊ नका.

आता रीमॅप. या गाड्यांची खरी मजा त्यात आहे, हे मलाही ठाऊक आहे. १४० पीएस ताकदीची जेट्टा स्टेज १ नंतर, म्हणजे फक्त सॉफ्टवेअर बदलून, कशी ओढते ते एकदा चालवलं की विसरत नाही. पण गाडीला मिळालेली प्रदूषण मान्यता ही त्या ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरसकट मिळालेली असते. ट्यूनरने दिलेलं डायनोचं (ताकद मोजणाऱ्या यंत्राचं) प्रिंट म्हणजे आरटीओची मान्यता नव्हे. ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारी यंत्रणा) बंद करणं किंवा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढणं तर सरळ प्रदूषण यंत्रणेत छेडछाड आहे, तिथे अर्ज करण्यासारखं काही नाही. मी माझी गाडी मूळ सॉफ्टवेअरवर परत आणली. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत मला डोक्यामागे ती टांगती तलवार नको होती, आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळा धूर सोडायचा नव्हता.

धुराचं मोजमाप पीयूसीत होतं. डिझेल गाडीचं इंजिन मोकळ्या स्थितीत रेस करून धुराची घनता, म्हणजे के मूल्य, मोजतात. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाडीला २.४५. बीएस-४ ला पीयूसी वर्षभर चालतं, जुन्या गाडीला सहा महिने. नीट राखलेलं इंजिन या मर्यादेच्या खूप खाली राहतं. आकडा काठावर आला तर इंजेक्टर, टर्बोचे होज आणि एअर फिल्टर बघा. प्रदूषणाच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

काचांवर नियम सोपा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. टायर आणि अलॉय कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापात ठेवा. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एकापेक्षा जास्त मापं असतात, वरच्या व्हेरियंटचं माप त्यात मिळालं तर तेच घ्या. ब्रेक पॅड, चांगले डॅम्पर, मूळ उंचीच्या स्प्रिंग, उत्तम टायर यांनी आरसीवरचं अक्षरही बदलत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या सेडानला याचा जो फरक पडतो तो ३० पीएसने पडत नाही, हे मी दोन्ही करून बघून सांगतो आहे.

इन्शुरन्स आणि पुढची फाईल

नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीवरचं नाव बदलून घ्या. थर्ड पार्टी कव्हर तुमच्याकडे येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर मागितल्याशिवाय येत नाही. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच राहतो. त्या बोनसमुळे मिळालेल्या सवलतीचा उरलेल्या मुदतीपुरता फरक तुम्हाला भरावा लागेल. अलॉय, म्युझिक सिस्टीम, जे काही नंतर बसवलं असेल ते कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल म्हणजे दावा नाकारायला कंपनीच्या हातात दिलेलं कारण.

आणि मूळ सुटे भाग विकू नका. मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग, मूळ अलॉय, मूळ दिवे एका खोक्यात नाव घालून ठेवा. नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होताना फॉर्म २५ ने पाच वर्षांचं नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. २०१२ च्या जेट्टाला हे २०२७ मध्ये आलंच. त्या वेळी हे खोकं घरात नसेल, तर हेच भाग भंगारवाल्यांकडे शोधत फिरावं लागतं.