मोनोवाय : एकाचे दोन कसे झाले

२०१० साली एक, २०२० साली दोन. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या मोनोवाय गावाची लोकसंख्या दहा वर्षांत दुप्पट झाली, निदान जनगणनेच्या कागदावर तरी. गावात राहणारी एकटी वृद्ध महिला मात्र सांगत होती की इथं माझ्याशिवाय कोणी नाही.

हे गाव राज्याच्या उत्तर टोकाला, बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. दक्षिणेला नायोब्रारा नदी, उत्तरेला मिसुरी, आणि दोन्हींच्या मधल्या गवताळ टेकड्यांतून वाहणारा पोन्का क्रीक हा ओढा. गावाची हद्द जेमतेम ५४ हेक्टर, म्हणजे साधारण १३५ एकर. इथं रानफुलं भरपूर, आणि मोनोवाय हा ‘फूल’ या अर्थाचा कुठल्याशा मूळनिवासी भाषेतला शब्द असावा असं सांगतात.

ओढ्याला ज्यांचं नाव आहे त्या पोन्का या मूळनिवासी जमातीचा हा मुलूख. १८६८ च्या करारात सरकारनं त्यांची जमीन चुकून सू या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या नावावर चढवली आणि ती चूक निस्तरण्याऐवजी १८७७ मध्ये पोन्कांनाच हाकलून दूर दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकलं. तिथं माणसं भराभर मेली. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर १८७९ च्या जानेवारीत मुलाच्या अस्थी नायोब्राराकाठी पुरायला परत निघाला आणि पकडला गेला. ओमाहाच्या न्यायालयात सरकारी वकिलाचा मुद्दा असा की इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी, हा कायद्यानं ‘व्यक्ती’च नव्हे, तेव्हा त्याला अटकेविरुद्ध अर्ज करण्याचा हक्क नाही. न्यायाधीश एल्मर डंडी यांनी मे महिन्यात निकाल दिला : आहे, इंडियनही व्यक्ती आहे. माणूस म्हणून मोजलं जाण्यासाठी या टापूतल्या माणसाला कोर्टात भांडावं लागलं होतं. मोनोवायच्या कौतुकाच्या बातम्यांत हे सहसा येत नाही.

हा पट्टा पूर्वी डकोटा प्रदेशात मोडायचा. १८८२ च्या कायद्यानं नेब्रास्काची सीमा ४३ अंश अक्षांशापर्यंत वर सरकवली, १८९१ मध्ये बॉइड काउंटी झाली आणि शेतकरी येऊ लागले. गाव मात्र आगगाडीनं वसवलं. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली रेलरोडचा फाटा १९०२ मध्ये इथवर आला आणि लगेच भूखंड आखले गेले. त्या काळी रेल्वेच्या वाटेवर अशी गावं एकामागोमाग एक उभी राहायची. घोडागाडीतून धान्य घेऊन शेतकऱ्याला एका दिवसात जाऊन परत येता यावं, एवढंच काय ते अंतर सांभाळायचं. मोनोवाय जन्मापासून छोटंच राहणार होतं. ऐन भरात, १९३० च्या दशकात, तिथं दीडशेच्या आसपास माणसं होती.

पुढे मोटार आली, आणि शेजारचं मोठं गाव जवळ आलं. ट्रॅक्टर आले आणि जिथं दहा कुटुंबं राबायची तिथं दोन पुरू लागली. शेतं एकमेकांत विलीन झाली, पोरं शहरात गेली. १९६७ ते १९७० या काळात पोस्ट आणि उरलीसुरली किराणा दुकानं बंद पडली, १९७४ मध्ये शाळा. १९८० च्या जनगणनेत १८ माणसं, १९९० ला सहा, २००० ला दोन. हे दोघं नवरा-बायको. २००४ मध्ये नवरा वारला आणि बायको एकटी उरली. सगळ्या काउंटीचीच ही गत आहे : १९१० साली आठ हजारांवर माणसं होती, २०२० ला १,८१०.

मग एकटी बाई असताना गाव ‘गाव’ कसं राहिलं? नेब्रास्कात व्हिलेज ही कायदेशीर संस्था आहे. तिला हद्द असते, कारभारी मंडळ असतं, कर लावायचा अधिकार असतो. महापौर, कारकून, खजिनदार अशी सगळी पदं त्या बाईंकडेच आली. गावातली खानावळ-कम-दारूचा गुत्ताही त्यांचाच, त्यामुळे परवान्याचा अर्ज करणारी आणि मंजूर करणारी सही एकच. रस्त्यावरच्या चार दिव्यांसाठी राज्याकडून पैसे मिळावेत म्हणून दरवर्षी रस्त्यांचा आराखडाही त्या पाठवत. आपल्याकडे महसुली दप्तरात ‘बेचिराग’ गावं असतात, एकही माणूस नसलेली, तरी सातबाऱ्यावर जिवंत. आपल्या गावाला टिकायला जमीन पुरते. तिथं मात्र चिराग लावायला निदान एक माणूस लागतो.

आता तो दुसरा माणूस. अमेरिकी कायद्यानं जनगणनेतली वैयक्तिक माहिती उघड करता येत नाही. एकाच रहिवाशाच्या गावाचं वय, वंश, घराची मालकी छापली तर ते त्या व्यक्तीचंच टिपण होतं. म्हणून २०२० ला जनगणना खात्यानं ‘डिफरेन्शियल प्रायव्हसी’ नावाची गणिती पद्धत वापरली. राज्याचा एकूण आकडा अचूक ठेवायचा, पण त्याखालच्या छोट्या आकड्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ करायची. राज्याची बेरीज बदलत नाही, म्हणजे मोनोवायला वाढलेला एक जण नेब्रास्कात दुसरीकडे कुठंतरी वजा झाला असणार.

प्रत्येकानं भरलेले मूळ तक्ते ७२ वर्षं बंद राहतात. मोनोवायचा २०२० चा तक्ता २०९२ मध्ये उघडेल.