जबड्याच्या शस्त्रक्रियेमागची पावणेदोनशे वर्षे

जबड्याची ठेवण सुधारण्याची शस्त्रक्रिया ठरली की नाशिककडच्या घरांत पहिली धास्ती असते ती तोंड तारांनी बांधून ठेवण्याची. ही धास्ती खोटी नाही, पण ती बऱ्याच अंशी मागच्या पिढीची आहे.

अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये भाजल्याच्या व्रणांमुळे विद्रूप झालेला एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे घेतला, ती या शाखेची सुरुवात मानली जाते. खरे वळण मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर आले. ऑस्ट्रियात ट्राउनर आणि ओबवेगेसर यांनी खालचा जबडा तोंडाच्या आतूनच, दाढांच्या मागे उभा चिरून सरकवण्याची पद्धत बसवली आणि १९५७ मध्ये ती इंग्रजीतून जगापुढे मांडली. चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि हाडाचे रुंद पृष्ठभाग एकमेकांना भिडल्याने ते चांगले जुळते, म्हणून ती आजही टिकून आहे. वरच्या जबड्याचा छेद रेने ल फोर यांच्या नावाने ओळखला जातो. चेहऱ्याचे हाड कोणत्या रेषांवर मोडते, हे त्यांनी १९०१ मध्ये मृतदेहांवरील प्रयोगांतून दाखवले होते.

तरीही हाड जुळेपर्यंत सुमारे सहा आठवडे दोन्ही जबडे तारांनी जखडावे लागत. टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू रुळल्यावर ही सक्ती बहुतेकांपुरती संपली. आता दातांवर रबर लावतात, तोंड थोडे उघडते, आणि रुग्ण डाळीचे पाणी व नागलीची पातळ पेज घेत हळूहळू मऊ भातावर येतो. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते. ती पाहून घाबरू नये, हे घरच्यांना आधीच सांगायला हवे.

दातांना आधी वर्षभर किंवा अधिक काळ तारा लावणे अनेकांना नकोसे वाटते. पण वेड्यावाकड्या दातांवर जबडा नीट बसत नाही, म्हणून दंतरचनातज्ज्ञ आणि मुखशल्यचिकित्सक दोघे मिळून उपचार आखतात. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण आहे.

एक त्रास मात्र अजून सुटलेला नाही. खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस नेमकी त्याच हाडातून जाते, जे उभे चिरायचे असते. त्यामुळे ओठ आणि हनुवटी काही आठवडे किंवा महिने बधिर राहतात आणि काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायमचा उरतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.