दूरचित्रवाणी जाहिरातींतील इंडी व अल्टरनेटिव्ह संगीत

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आणि लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीच्या, म्हणजे चार्टांच्या, बाहेर वाढलेली 'इंडी' (स्वतंत्र) व 'अल्टरनेटिव्ह' (पर्यायी) गाणी मूळ ध्वनिमुद्रणासह उत्पादनाच्या जाहिरातीत वापरण्याची प्रथा. ती मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधली. १९९०च्या दशकात तिने मूळ धरले आणि २००० ते २०१० या दशकात ती इतकी फोफावली की अनेक नवे बँड श्रोत्यांच्या कानावर पहिल्यांदा पडले ते गाडीच्या, फोनच्या किंवा टीव्ही संचाच्या जाहिरातीतून. जिंगल मालासाठीच रचलेली असते आणि तिच्यात बहुधा मालाचे नाव गुंफलेले असते. इथे गाणे आधीपासून असते, त्यात मालाचा उल्लेख नसतो, आणि तो नसतो म्हणूनच ते हवेसे वाटते.

जाहिरातीत चालू काळातले गाणे घेण्यात नवे काहीच नव्हते. नवे होते ते कमी लोकांना ठाऊक असलेले गाणे घेणे. प्रसिद्ध गाण्याबरोबर श्रोत्याच्या आठवणी येतात, आणि त्याचे जिवावर उदार चाहतेही येतात. नाइकीने १९८७ मध्ये बुटांच्या जाहिरातीत बीटल्सचे 'रेव्होल्यूशन' वापरले तेव्हा याचा प्रत्यय आला. गाण्याच्या प्रकाशनाचे हक्क तेव्हा मायकेल जॅक्सनने विकत घेतलेल्या संग्रहात होते आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. दोघांकडून रीतसर परवानगी मिळाली होती. तरीही बीटल्सची कंपनी ॲपल कोअर कोर्टात गेली आणि प्रकरण १९८९ मध्ये तडजोडीने मिटले. कायद्याने नाइकीची बाजू कच्ची नव्हती, पण बदनामी व्हायची ती झालीच. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, नील यंगने प्रायोजकांची खिल्ली उडवणारे गाणे काढले. एमटीव्हीने त्याचा व्हिडिओ आधी दाखवायला नकार दिला आणि १९८९ मध्ये त्यालाच वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार दिला.

ब्रिटनमध्ये वाट वेगळ्या बाजूने फुटली. लेव्हाइस जीन्सच्या जाहिरातींनी १९८५पासून जुनी सोल गाणी पुन्हा चार्टात आणली होती. १९९१ मध्ये याच जीन्सच्या जाहिरातीमुळे द क्लॅश या पंक बँडचे जुने गाणे ब्रिटिश चार्टात पहिल्या क्रमांकावर पोचले. बँड तोवर मोडलेला होता, आणि त्यांचा हा एकमेव पहिला क्रमांक. १९९४ चे 'इनसाइड' हे गाणे तर अधिक मासलेवाईक. पीटर लॉलरने ते जाहिरातीसाठीच, तेव्हा जोरात असलेल्या ग्रंज, म्हणजे जड, खरखरीत गिटारींच्या रॉक, वळणाचे रचले. मागणी आल्यावर स्टिल्टस्किन नावाचा बँड उभा करण्यात आला आणि गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचा गायक रे विल्सन पुढे जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडमध्ये गेला. १९९६ मध्ये बॅबिलॉन झूच्या 'स्पेसमन'ची पाळी आली. जाहिरातीत ऐकू येणारा तुकडा वेगवान, नाचरा होता. रेकॉर्ड घरी आणून लावल्यावर तो थोड्याच वेळात संपे आणि पुढे संथ, जड गिटारी सुरू होत. तरी ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. पण लेव्हाइसचे यश गाण्याला हिट करण्यात होते. अनोळखी, हळव्या, कोपऱ्यातल्या गाण्याचा जाहिरातीला काय उपयोग, हे अमेरिकेत फोक्सवॅगनने दाखवले.

'पिंक मून'

निक ड्रेक हा इंग्रज गायक-गीतकार १९७४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी वारला. हयातीत त्याचे तीन अल्बम निघाले आणि तिन्हींचा खप नगण्य होता. तिसरा 'पिंक मून' ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत मुद्रित झाला. ड्रेक, त्याची गिटार आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड, एवढाच लवाजमा. संपूर्ण अल्बम अर्ध्या तासाच्या आतला आहे आणि त्यात वरून चढवलेला एकच सूर आहे: शीर्षकगीतातली पियानोची छोटीशी ओळ, तीही ड्रेकनेच वाजवलेली. पुढची पंचवीस वर्षे हे गाणे जाणकारांनी एकमेकांना कॅसेटवर उतरवून द्यायचे गाणे राहिले.

१९९९च्या अखेरीस बॉस्टनच्या अर्नोल्ड या जाहिरातसंस्थेने फोक्सवॅगनच्या टप उघडणाऱ्या कॅब्रियो गाडीसाठी एक मिनिटाची जाहिरात केली. दिग्दर्शन जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या जोडीचे. चार तरुण चांदण्या रात्री गाडीतून चालले आहेत. कोणी बोलत नाही. एकजण मान मागे टाकून आकाश पाहतो, वारा केसांतून जातो. गाडी पार्टी चाललेल्या घरासमोर थांबते, आतला गोंगाट दिसतो, चौघे एकमेकांकडे बघतात, गाडी मागे घेतात आणि पुन्हा रस्त्याला लागतात. संवाद शून्य, गाडीचे गुणवर्णन शून्य. सगळा भार ड्रेकच्या आवाजावर. जाहिरातीचे नाव 'मिल्की वे' राहिले, कारण आधी द चर्च या ऑस्ट्रेलियन बँडचे आकाशगंगेवरचे गाणे योजले होते. ते १९८८ मध्ये बऱ्यापैकी गाजलेले होते. म्हणजे निवड झाली ती ओळखीच्या गाण्याला बाजूला सारून.

परिणाम असा झाला की 'पिंक मून'चा अमेरिकेतला खप काही महिन्यांत अनेक पटींनी वाढला आणि ड्रेकला मृत्यूनंतर पाव शतकाने मोठा श्रोतृवर्ग मिळाला. जुने चाहते चिडले. त्यांचे म्हणणे असे की ज्याने हयातीत मैफलीसुद्धा टाळल्या त्याच्या नावावर गाडी विकणे गैर आहे. ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण जाहिरातीला ज्या कारणासाठी नावे ठेवली गेली तेच तिचे बळ होते. गर्दीतून मागे फिरणाऱ्या चौघांची गोष्ट सांगताना गर्दीला ठाऊक असलेले गाणे चाललेच नसते. गिऱ्हाइकाला 'तू इतरांसारखा नाहीस' असे न बोलता सांगायचे होते, आणि ते काम अनोळखी गाणे फुकटात करत होते. पुढच्या दहा वर्षांतल्या बहुतेक इंडी जाहिराती याच युक्तीच्या आवृत्त्या आहेत.

रेडिओची जागा

जाहिरातसंस्थांना अशी गाणी हवी होती हे अर्धे कारण. बँड ती द्यायला तयार झाले याची कारणे निराळी. अमेरिकेच्या १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठवली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १,२०० हून अधिक केंद्रे आली. गाण्यांच्या याद्या आखडल्या आणि छोट्या लेबलच्या, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या, बँडला रेडिओवर शिरकाव मिळेनासा झाला. १९९९ मध्ये इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घेण्याची नॅपस्टर ही सेवा आली आणि त्यापाठोपाठ सीडींचा खप घसरू लागला. दौऱ्यात व्हॅनचे पेट्रोल आणि मोटेलचे भाडे सुटले तरी पुष्कळ, अशी स्थिती असलेल्या बँडला तीस सेकंदांचे पैसे नाकारणे अवघड जाऊ लागले.

मोबी या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा 'प्ले' हा अल्बम १९९९ मध्ये निघाला तेव्हा रेडिओने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग अल्बममधली सर्वच्या सर्व १८ गाणी जाहिराती, चित्रपट आणि मालिकांना परवान्याने देण्यात आली. अशी सगळी गाणी दिलेला हा पहिला अल्बम मानतात. त्याचा खप पुढे एक कोटीच्या वर गेला. यातल्या काही गाण्यांत ॲलन लोमॅक्सच्या संग्रहातले जुने लोकगीतांचे आवाज आहेत. अलाबामाच्या वेरा हॉलचा आवाज तिच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी जगभरच्या नाचघरांत पोचला, याचे श्रेय कोणाला आणि मोबदला कोणाला, हा वाद अजून पुरता विझलेला नाही.

व्यवहाराची बाजूही इंडी गाण्यांना अनुकूल होती. प्रत्येक गाण्याला दोन हक्क चिकटलेले असतात: शब्द आणि चाल यांचा, जो प्रकाशकाकडे असतो, आणि ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, जो लेबलकडे असतो. चित्राबरोबर गाणे जोडायला पहिल्याचा सिंक परवाना लागतो आणि दुसऱ्याचा मास्टर परवाना. मोठ्या कलाकाराच्या बाबतीत ही दोन दारे दोन शहरांत असतात आणि मधे मॅनेजर, वकील, वारसदार उभे असतात. छोट्या बँडच्या बाबतीत दोन्ही हक्क बहुधा एकाच लेबलकडे किंवा खुद्द बँडकडे असतात. जाहिरात प्रक्षेपणाला आठवडा उरलेला असताना गाणे शोधणाऱ्या म्युझिक सुपरवायझरला एका फोनमध्ये होकार मिळणे ही किमतीइतकीच मोलाची गोष्ट. ही गाणी स्वस्त होती, लवकर मिळत होती, आणि वर रसिकतेचा शिक्का. इंडी गाणी लोकप्रिय झाली यात जाहिरातवाल्यांच्या रुचीला फार श्रेय देण्याचे कारण नाही.

दशकाचा मध्य म्हणजे या प्रथेचा बहराचा काळ. द शिन्सचे 'न्यू स्लँग' २००२च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी मॅकडोनल्ड्सच्या जाहिरातीत वाजले. २००५ मध्ये सोनीने ब्राव्हिया टीव्हीसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून सुमारे अडीच लाख रंगीत चेंडू सोडले. त्या उसळणाऱ्या चेंडूंखाली होझे गोन्झालेसची एकटी गिटार होती. 'हार्टबीट्स' हे गाणे मूळ द नाइफ या स्वीडिश जोडीचे, विजेच्या वाद्यांवरचे. गोन्झालेसने ते तारांवर आणले आणि जाहिरातीनंतर ते ब्रिटिश चार्टात पहिल्या दहांत गेले. ॲपलने तर यालाच कार्यपद्धती केले. फाइस्टचे '१२३४' हे गाणे २००७ मध्ये आयपॉड नॅनोच्या जाहिरातीनंतर अमेरिकी बिलबोर्ड चार्टात आठव्या क्रमांकावर आणि याएल नाईमचे 'न्यू सोल' २००८ मध्ये मॅकबुक एअरच्या जाहिरातीनंतर सातव्या क्रमांकावर पोचले. ज्या कंपनीचे यंत्र गाणी वाजवते आणि जिच्याच दुकानातून ती विकत मिळतात, तिने गाणी निवडावीत, हे वर्तुळ रेकॉर्ड कंपन्यांनाही कधी इतके पक्के जमले नव्हते.

विकले जाणे

पंक आणि हार्डकोर वर्तुळांत जाहिरातीला गाणे देणे म्हणजे बाटणे, असा दंडक १९८०च्या दशकात होता. तो एका दिवसात सुटला नाही. द ब्लॅक कीज यांनी सुरुवातीच्या फाटक्या दिवसांत मेयोनीजच्या जाहिरातीचे घसघशीत पैसे नाकारले; पुढे त्यांची गाणी असंख्य जाहिरातींत वाजली. विल्कोने २००७ मध्ये फोक्सवॅगनला गाणी दिली तेव्हा चाहत्यांना उघडपणे स्पष्टीकरण द्यावे लागले. ऑफ मॉन्ट्रियलचे प्रकरण याहून पुढचे. त्यांच्या एका गाण्याचे शब्द बदलून आउटबॅक स्टेकहाउस या उपाहारगृह साखळीची जिंगल करण्यात आली. टीका झाली तेव्हा बँडप्रमुख केव्हिन बार्न्सने २००७ मध्ये लेख लिहून 'विकले जाणे' या कल्पनेलाच उडवून लावले. त्याचा युक्तिवाद धारदार आहे, पण शब्द बदलल्यावर गाण्याचे जे झाले ते ऐकवत नाही, हेही खरे.

याच्या दुसऱ्या टोकाला मिनिटमेन. या कॅलिफोर्नियन पंक त्रयीचा गिटारवादक डी. बून १९८५ मध्ये अपघातात गेला. काही वर्षांनी त्यांची एक वाद्यरचना व्होल्व्होच्या जाहिरातीसाठी मागण्यात आली. बासवादक माइक वॉटने होकार दिला, कारण बूनचे वडील फुप्फुसाच्या विकाराने आजारी होते आणि बूनच्या वाट्याचे पैसे त्यांना मिळणार होते. दंडक ज्यांनी घातला त्यांच्यापैकीच हा एक.

गाण्याला कात्री लावण्याची तऱ्हाही नमूद करण्यासारखी आहे. इगी पॉपचे 'लस्ट फॉर लाइफ' रॉयल कॅरिबियन या जहाज सफरींच्या कंपनीने वर्षानुवर्षे वापरले. दारू आणि अमली पदार्थांच्या ओळी गाळल्यावर उरलेला ठेका सहकुटुंब सहलीला शोभून दिसला.

नक्कल

बँडने नकार दिला की तसेच वाटणारे दुसरे गाणे करून घ्यायचे, हा या धंद्यातला जुना रोग. अमेरिकेत त्याला दोन निकालांनी काहीसा आळा घातला. बेट मिडलरने फोर्डविरुद्ध १९८८ मध्ये असा निकाल मिळवला की विख्यात गायिकेच्या आवाजाची जाहिरातीसाठी मुद्दाम केलेली नक्कल हा तिच्या हक्कावरचा घाला ठरतो. त्याच आधारावर टॉम वेट्सने डोरिटोज चिप्सच्या रेडिओ जाहिरातीवरून फ्रिटो-ले कंपनीला कोर्टात खेचले. १९९२च्या अपील निकालानंतर त्याच्या पदरी सुमारे २५ लाख डॉलर पडले. पण हे संरक्षण गाजलेल्या आवाजाला. धूसर गिटार, दुरून येणारा स्त्रीस्वर, संथ ढोल अशा वातावरणावर कोणाचीच मालकी सिद्ध होत नाही. बीच हाउसने फोक्सवॅगनच्या ब्रिटिश जाहिरातसंस्थेला वारंवार नकार दिला, तर २०१२ मध्ये त्यांच्या 'टेक केअर'शी कमालीचे मिळतेजुळते गाणे जाहिरातीत आले. आइसलँडच्या सिगुर रोसने तर आपल्या संकेतस्थळावर अशा जाहिरातींची यादीच लावली होती.

पुढे मूळ बँडची गरजच कमी झाली. युकुलेली, टाळ्या, शीळ, घंटीवाद्य आणि मधेच एकमुखाने 'हे!' अशी ओरड, हा साचा ठरून गेला आणि तयार संगीताच्या संग्रहांत तो मिनिटाच्या भावाने मिळू लागला. बँकेच्या, विम्याच्या, दह्याच्या जाहिरातीत तो अजून ऐकू येतो.

भारतात ही प्रथा उशिरा आणि अंधुकपणे आली. इथे चित्रपटगीतांचा दबदबा, आणि जाहिरातीसाठी नव्याने चाल बांधून घेण्याची मुंबईतली परंपरा भक्कम. वनराज भाटिया, लुई बँक्स यांच्यासारख्या संगीतकारांनी जिंगलचे काम भरपूर केले. वेगळ्या वाटेची एक जाहिरात मात्र गोव्याशी जोडलेली आहे. २००७च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास नाइकीने भारतासाठी केलेल्या जाहिरातीत वाहतूक तुंबलेल्या रस्त्यावर पोरे बसच्या टपांवर चढून क्रिकेट खेळतात, आणि मागे 'राव पात्राव राव' हे कोंकणी गाणे वाजते. चाल क्रिस पेरी यांच्या, लोर्ना यांनी गाजवलेल्या 'बेबदो' या जुन्या कोंकणी गाण्याची. नवे शब्द जाहिरात करणाऱ्या संस्थेतल्याच आग्नेलो डायस यांचे, नवी बांधणी राम संपत यांची आणि आवाज एला कास्टेलिनो यांचा. व्याख्या काटेकोर लावली तर हे गाणे या नोंदीत बसत नाही, कारण ते जाहिरातीसाठीच लिहिले गेले. पण शब्दांत कुठेही बुटांचे नाव नाही, भाषा देशातल्या बहुसंख्य प्रेक्षकांना न कळणारी, आणि चाल गोव्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसलेली.