लढतीच्या लहान खेळाचा राष्ट्रीय महासंघ: आंतरराष्ट्रीय संलग्नतेसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सांबो, सवात, केंडो, किकबॉक्सिंग, मुए थाई, जुजुत्सू, सुमो. यांपैकी एखाद्या खेळाचा राष्ट्रीय महासंघ चालवणारी माणसे बहुतेक देशांत एका टेबलाभोवती मावतात. अध्यक्ष स्वतःच शिकवतात, सरचिटणीस नोकरीवरून आल्यावर रात्री पत्रव्यवहार करतात आणि कोषाध्यक्ष स्पर्धेच्या दिवशी वजनकाट्यापाशी उभे असतात. पण खेळाडूला जागतिक स्पर्धेत देशाच्या नावाने उतरवायचे, तर याच मंडळींना मोठ्या महासंघाइतकाच कागदांचा गठ्ठा द्यावा लागतो. खेळ लहान म्हणून अर्ज लहान, असे होत नाही.

मान्यता दोन ठिकाणची लागते. एक, त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची संलग्नता. दुसरी, देशातली: राष्ट्रीय ऑलिंपिक समितीची किंवा सरकारी क्रीडा खात्याची. घोळ असा की दोघे एकमेकांचा कागद मागतात. ऑलिंपिक सनदेचा नियम २९ सांगतो की राष्ट्रीय ऑलिंपिक समितीत स्थान हवे असेल, तर महासंघाचे काम प्रत्यक्ष आणि सातत्याने चालू असले पाहिजे, तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न असला पाहिजे आणि सनद व त्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम त्याने पाळले पाहिजेत. उलट बाजूने आंतरराष्ट्रीय महासंघ बहुधा म्हणतो, तुमच्या देशातल्या ऑलिंपिक समितीचे किंवा सर्वोच्च क्रीडा प्राधिकरणाचे पत्र आणा.

या पेचातून वाट निघते ती तात्पुरत्या सदस्यत्वाची. बऱ्याच आंतरराष्ट्रीय महासंघांत सदस्यत्व दोन टप्प्यांत मिळते: आधी कार्यकारिणी तात्पुरता प्रवेश देते, नंतर महासभा तो कायम करते. म्हणून आधी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सचिवालयाला स्पष्ट विचारा, की देशातली मान्यता प्रलंबित असताना अर्ज चालेल का आणि त्याऐवजी कोणता कागद लागेल. उत्तर लेखी घ्या. ते पत्र हातात असले की क्रीडा खात्याच्या दारातही तुमचे म्हणणे जरा गांभीर्याने ऐकले जाते.

कोणत्या महासंघाकडे अर्ज करायचा

लढतीच्या खेळांत हा प्रश्न फार नाजूक आहे, कारण ‘जागतिक’ असे नाव लावणाऱ्या संघटना एकाच खेळात अनेक असतात. तायक्वांदोमध्ये दोन मोठे प्रवाह कित्येक वर्षे शेजारी शेजारी चालत आले. किकबॉक्सिंगमध्ये तर आपापले विजेतेपदाचे पट्टे देणाऱ्या संघटनांची रेलचेल आहे. अर्ज भरण्याआधी त्या संघटनेचे स्थान तपासा.

सध्याचे चित्र असे. जुलै २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मुए थाईच्या इफ्मा, सांबोच्या फियास आणि किकबॉक्सिंगच्या वाको या महासंघांना पूर्ण मान्यता दिली. या खेळांतले राष्ट्रीय महासंघ नियम २९ च्या वाटेने जाऊ शकतात. केंडो, सवात, जुजुत्सू आणि आयकिडो यांचे आंतरराष्ट्रीय महासंघ एम्स या वेगळ्या आघाडीत आहेत, त्यांना स्वतंत्रपणे ऑलिंपिक समितीची मान्यता नाही. त्यांच्याशी संलग्न असलेल्यांना राष्ट्रीय ऑलिंपिक समितीत याच नियमाने शिरता येत नाही, त्यामुळे सरकारी क्रीडा खात्याच्या पत्राचे वजन त्यांच्यासाठी अधिक. केंडोचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७० पासून चालू आहे, त्याच्या जागतिक स्पर्धाही नियमित होतात. तेव्हा ऑलिंपिकची मोहोर नाही म्हणून संघटना कच्ची, असा अर्थ काढू नये. फक्त वाट कोणती, ते आधी माहीत हवे.

मान्यता कायमची असते, असेही नाही. बॉक्सिंगच्या आयबीए या आंतरराष्ट्रीय महासंघाची ऑलिंपिक मान्यता जून २०२३ मध्ये काढून घेतली गेली. वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना त्याच वर्षी एप्रिलमध्ये उभी राहिली होती, तिला फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. मधल्या काळात देशोदेशीच्या महासंघांना कुठे जायचे ते ठरवावे लागले. ज्यांच्या घटनेत संलग्नता बदलण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला नीट दिलेला असेल, त्यांच्यासाठी असा निर्णय एका ठरावाचा असतो. घटनेतच आंतरराष्ट्रीय संघटनेचे नाव कोरून ठेवले असेल, तर आधी घटनादुरुस्ती करत बसावे लागते.

पात्रता

नियमावल्या वेगवेगळ्या असल्या तरी विचारणा साधारण सारखीच असते. महासंघ देशाच्या कायद्याने नोंदलेला आणि नफा न वाटणारा हवा. पदाधिकारी निवडणुकीने आलेले हवेत. क्लब एकाच गावात नसावेत. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा खरोखर होत असावी. त्याच खेळातल्या प्रतिस्पर्धी जागतिक संघटनेशी संबंध नसावा. एका देशातून एकच महासंघ हे तत्त्व जवळपास सगळीकडे पाळले जाते. राष्ट्रीय ऑलिंपिक समितीलाही एका खेळासाठी एकच महासंघ मान्य करता येतो.

लहान खेळ बहुतेकदा अडखळतात ते क्लबांच्या यादीवर. पाच क्लब दाखवायचे आणि पाचही एकाच प्रशिक्षकाच्या वर्गाच्या शाखा निघायच्या. पत्ता तोच, संपर्क तोच, आडनावही तेच. छाननी करणारा माणूस अशा याद्या रोज बघतो. त्यापेक्षा तीनच क्लब दाखवा, पण ते स्वतंत्र असू द्या. शक्य असेल तर पूर्वी भांडून बाहेर पडलेल्या क्लबलाही आत घ्या. तो बाहेर राहिला, तर उद्या त्याचाच आक्षेपाचा अर्ज येण्याची शक्यता मोठी.

घटना

सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. दुसऱ्या एखाद्या मोठ्या महासंघाची घटना उचलून नाव बदलण्याचा मोह सगळ्यांना होतो. मग सातव्या कलमात कुठेतरी ‘मैदान आणि चेंडू’ तसाच राहतो आणि वाचणाऱ्याला सगळे कळते.

नमुना आंतरराष्ट्रीय महासंघाकडे मागावा, असल्यास मिळतो. नसला तरी काही कलमे चुकवू नयेत: मतदानाचा हक्क कोणाला, सभेची सूचना किती दिवस आधी, गणसंख्या किती, पदाची मुदत किती आणि सलग किती वेळा, पदाधिकाऱ्याला दूर कसे करायचे, हिशेब कोण तपासणार, महासंघ बंद पडला तर मालमत्ता कुठे जाणार. आंतरराष्ट्रीय महासंघाचे तांत्रिक नियम आणि जागतिक उत्तेजकविरोधी संहिता बंधनकारक आहेत, असेही लिहावे लागते. वाद आधी अंतर्गत शिस्त समितीकडे, मग अपिलाकडे आणि शेवटी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाकडे जातील, असे कलमही अनेक ठिकाणी मागितले जाते. हे न्यायालय १९८४ पासून काम करते आहे.

हितसंबंधांचे कलम मात्र नमुन्यातून जसेच्या तसे घेऊन भागत नाही. लहान खेळात प्रशिक्षक, निवड समितीचा सदस्य, पंच आणि क्लबचा मालक ही चारही कामे एकाच माणसाकडे असतात. नाइलाजच असतो, दुसरे माणूसच नसते. म्हणून ‘हितसंबंध असू नयेत’ असे लिहून उपयोग नाही. स्वतःच्या क्लबचा खेळाडू निवडीत असेल तेव्हा त्या सदस्याने सभेतून उठायचे आणि तो उठला हे इतिवृत्तात लिहायचे, अशी पद्धत घाला. पंचांसाठीही तेच: आपल्या शिष्याच्या लढतीला मधला पंच म्हणून उभे राहायचे नाही. छाननीत अशा कलमाकडे लक्ष जाते, कारण ते लिहिणाऱ्याने आपल्या परिस्थितीचा विचार केलेला दिसतो.

कागदपत्रे

साधारण एवढे लागतात:

- अध्यक्ष आणि सरचिटणीस या दोघांच्या सह्यांचा अर्ज
- नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अधिकृत भाषेतल्या प्रमाणित भाषांतरासह
- निवडणूक झालेल्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि हजेरीपट
- पदाधिकाऱ्यांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती
- क्लब, खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांची नोंदवही, खेळाडूंची स्त्री-पुरुष आणि वयोगटानुसार विभागणी करून
- मागच्या राष्ट्रीय स्पर्धेचे वजनगटानुसार निकाल आणि पुढच्या वर्षाचे स्पर्धापत्रक
- तपासलेले हिशेब. महासंघ नवा असेल, तर बँकेचे विवरण आणि अंदाजपत्रक
- देशातल्या क्रीडा प्राधिकरणाचे पत्र
- उत्तेजकविरोधी नियमांचे आणि अन्य कुठे संलग्न नसल्याचे हमीपत्र

इतिवृत्त म्हणजे ‘सर्वानुमते मंजूर’ अशी एक ओळ नव्हे. तारीख, ठिकाण, हजर क्लबांची नावे, गणसंख्या पूर्ण होती का, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचे, बाजूने आणि विरुद्ध किती मते, हे सगळे आले पाहिजे. एखादे विरोधी मत नोंदलेले असले तर बिघडत नाही, उलट सभा खरी झाली हे पटते. नावांची स्पेलिंगे सगळ्या कागदांवर पारपत्रासारखीच ठेवा. नोंदणीवर एक, इतिवृत्तात दुसरे आणि अर्जात तिसरे असले की खुलाशांची पत्रे सुरू होतात आणि महिने जातात.

बोधचिन्हात ऑलिंपिकची पाच वर्तुळे घालू नका, ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मालकीची आहेत. देशाचे नाव किंवा राजचिन्ह वापरायला अनेक देशांत वेगळी परवानगी लागते, तीही आधीच काढावी.

वैद्यकीय नोंदी आणि उत्तेजके

डोक्याला मार बसणाऱ्या खेळांत अर्जासोबत वैद्यकीय नियमावली मागितली जाते. तिथे ‘स्पर्धेला डॉक्टर उपस्थित असतील’ एवढेच लिहून चालत नाही. लढतीआधी तपासणी कोण करणार, लढत थांबवण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे का, नॉकआउटनंतर खेळाडू किती दिवस बाहेर राहणार, अल्पवयीनांसाठी पालकांची संमती आणि विमा कसा, हे लिहावे लागते. हौशी बॉक्सिंगमधला दंडक इतर खेळांनाही आधाराला घेण्याजोगा आहे: एका नॉकआउटनंतर किमान ३० दिवस विश्रांती, ३ महिन्यांत दोन झाले तर किमान ९० दिवस, १२ महिन्यांत तीन झाले तर किमान एक वर्ष.

हे दिवस मोजणार कोण? माझ्या मते राष्ट्रीय महासंघाचे खरे काम इथेच सुरू होते. एका क्लबच्या स्पर्धेत मुलगा बेशुद्ध पडतो, दोन आठवड्यांनी तो दुसऱ्या क्लबच्या स्पर्धेत नाव घालतो आणि तिथल्या आयोजकाला काहीच ठाऊक नसते. सर्व क्लबांना दिसणारी एकच नोंदवही असली, तरच तो थांबतो. संगणकावरचा साधा तक्ता पुरतो, पण तो स्पर्धेच्या दिवशीच भरला गेला पाहिजे. अर्जासोबत या नोंदवहीचे एक कोरे पान नमुना म्हणून जोडा. कोणाच्याही वैद्यकीय तपशिलाचे भरलेले पान पाठवू नका.

वजन उतरवण्याचा विषय याला जोडूनच येतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर झपाट्याने वजन उतरवताना दगावले, महिनाभराच्या अंतरात. त्यानंतर तिथल्या वजनाच्या नियमांत मोठे बदल झाले. तुमच्या नियमावलीत वजन कधी घेणार, आदल्या दिवशी की त्याच सकाळी, आणि घाम काढण्याच्या कोणत्या पद्धतींना बंदी, हे स्पष्ट असावे.

वजनासाठी घेतली जाणारी लघवी वाढवणारी औषधे हाच उत्तेजक चाचणीतला सापळा ठरतो. फ्युरोसेमाइडसारखी औषधे वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. खेळाडूला वाटते आपण ताकदीचे काही घेतलेच नाही, आणि चाचणीत दोषी ठरतो. वाडा १९९९ मध्ये स्थापन झाली, तिची संहिता २००४ पासून लागू आहे. सध्याची आवृत्ती २०२१ ची, पुढची १ जानेवारी २०२७ पासून येते. प्रतिबंधित यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. राष्ट्रीय महासंघ सहसा वाडाशी थेट करार करत नाही. तो आंतरराष्ट्रीय महासंघ आणि देशातली उत्तेजकविरोधी संस्था यांच्यामार्फत बांधला जातो. म्हणून या देशी संस्थेला आधीच पत्र लिहा आणि खेळाडू-प्रशिक्षकांसाठी प्रशिक्षण सत्र मागा. त्या सत्राचा हजेरीपट अर्जाला जोडता येतो आणि हमीपत्रापेक्षा तो जास्त बोलतो.

अर्ज दिल्यानंतर

सचिवालय छाननी करते, त्रुटी कळवते, मग प्रकरण कार्यकारिणीपुढे जाते. तात्पुरते सदस्यत्व मिळाले की बहुतेक ठिकाणी संघ पाठवता येतो, पण महासभेत मत देता येत नाही. कायम सदस्यत्वाचा ठराव महासभेतच होतो आणि ती केव्हा भरते त्यावर तुमची प्रतीक्षा ठरते. महासभेचे वेळापत्रक बघून, कागद पोहोचण्याची शेवटची तारीख विचारून अर्ज पाठवा. एक तारीख हुकली तर पुढच्या सभेपर्यंत थांबावे लागते.

आक्षेप आला तर चिडून लांबलचक पत्र लिहू नये. आक्षेपातल्या एकेका मुद्द्यासमोर इतिवृत्ताचे पान किंवा नोंदणीचा क्रमांक द्यावा, तेवढे पुरते.

सदस्यत्व मिळाल्यावर वार्षिक वर्गणी वेळेवर भरा, थकली की मताचा हक्क जातो. पदाधिकारी बदलले की नव्या इतिवृत्तासह लगेच कळवा. आणि पत्रव्यवहाराचा ई-मेल महासंघाच्या नावाने उघडा, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. जागतिक स्पर्धेची प्रवेशिका, चाचणीची नोटीस, महासभेचे निमंत्रण सगळे त्याच पत्त्यावर येते, आणि निवडणूक हरलेल्या सरचिटणिसांच्या खासगी खात्यात ते पडून राहिले तर प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.